नगामागे साडेआठ सेंट

२०१३ साली बांगलादेशातल्या कपड्यांच्या कारखान्यांबद्दल एक हिशेब जगभरच्या वर्तमानपत्रांत फिरत होता. अमेरिकेतल्या वर्कर राइट्स कन्सॉर्शियम या संस्थेनं तो मांडला होता आणि तो पाठकोऱ्या कागदावर मावेल एवढाच होता. कारखाने सुमारे ५,०००. एकेक कारखाना पाश्चात्त्य सुरक्षा मानकांपर्यंत आणायला सरासरी ६ लाख डॉलर. म्हणजे एकूण ३ अब्ज. काम पाच वर्षांत करायचं, तर वर्षाला ६० कोटी डॉलर. बांगलादेशातून तेव्हा वर्षाला साधारण ७ अब्ज कपडे बाहेर जात होते. भागाकार केला की उत्तर येतं नगामागे साडेआठ सेंट, त्या वेळच्या भावानं साडेचार-पाच रुपये. संस्थेनं ते ‘दहा सेंटांच्या आत’ असं मांडलं होतं.

तीन वर्षांनी, २०१६ मध्ये, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ यांनीही बांगलादेशातल्या कपड्यांच्या कारखान्यांच्या दुरुस्तीचा खर्च काढला. तो आला ९२ कोटी ९० लाख डॉलर. म्हणजे पहिल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी.

मी गेली पंचवीस वर्षं इमारतींच्या दुरुस्तीची अंदाजपत्रकं करतो. असे दोन आकडे शेजारी ठेवले की लोक लगेच विचारतात, यातला खरा कुठला? आमच्या धंद्यात या प्रश्नाला उत्तर नसतं. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण अंदाजपत्रक म्हणजे किंमत नव्हे. काय धरलं, काय सोडलं आणि शेवटी कशानं भागलं, याची ती नोंद असते. ते कसं, हे एक कारखाना समोर ठेवून सांगतो.

आधी हा हिशेब का करावा लागला ते थोडक्यात. २४ नोव्हेंबर २०१२ ला ढाक्याजवळच्या आशुलियात ताजरीन फॅशन्सच्या कारखान्याला आग लागली आणि शंभराहून जास्त माणसं गेली. पाचच महिन्यांनी, २४ एप्रिल २०१३ ला, सावारमधली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. १,१३४ मृत्यू. आदल्या दिवशी भिंतींना आणि खांबांना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, वरच्या पाच कारखान्यांतल्या कामगारांना मात्र सकाळी कामावर बोलावलं गेलं. वरचे मजले परवानगीशिवाय चढवलेले होते आणि त्यांवर जड जनरेटर होते. सकाळी वीज गेली, जनरेटर सुरू झाले, आणि थोड्याच वेळात इमारत बसली.

खर्चाचा विषय त्याआधीही निघाला होता. एप्रिल २०११ मध्ये ढाक्यात खरेदीदार कंपन्या, कारखानदार आणि कामगार संघटना यांची बैठक झाली होती. तिच्या इतिवृत्तात वॉलमार्टच्या प्रतिनिधीचं म्हणणं नोंदलेलं आहे. त्याचा आशय असा की साडेचार हजारांच्या आसपास कारखान्यांत वीज आणि आगीबाबतच्या दुरुस्त्या फार मोठ्या आणि खर्चिक ठरतील, एवढी गुंतवणूक ब्रँडांना परवडणारी नाही. गंमत अशी की ‘परवडत नाही’ असं म्हणताना मोजून काढलेला आकडा कुणापुढेच नव्हता.

तर आकडा काढू या. एक कारखाना मनानं उभा करतो. सहा मजली आरसीसी इमारत, प्रत्येक मजला १०० फूट बाय १०० फूट, खांब वीस-वीस फुटांवर, म्हणजे मजल्याला ३६ खांब. प्रत्येक मजल्यावर २०० कामगार, एकूण १,२००. दोन मजल्यांवर कापडाचे तागे आणि तयार मालाचे खोके रचलेले. गच्चीवर २० हजार लिटरची पाण्याची टाकी. बांगलादेशात असा कारखाना वेगळा काढून दाखवावा लागत नाही. भिवंडीत किंवा सुरतेतही लागणार नाही.

पहिला प्रश्न नकाशाचा. मंजूर नकाशा आहे का, आणि असल्यास इमारत तशीच बांधली आहे का? मंजुरी चार मजल्यांची आणि उभे सहा, ही गोष्ट आपल्याकडेही कुणाला नवलाची वाटत नाही. नकाशा नसेल तर मोजपट्टी घेऊन मोजमापापासून सुरुवात, आणि हा अंदाजपत्रकातला पहिला खर्च. मालकाला तो सगळ्यात जास्त झोंबतो, कारण यातून विटेला वीट लागत नाही.

दुसरा प्रश्न काँक्रीटचा. बांगलादेश म्हणजे गाळाचा प्रदेश, तिथे खडी दुर्मीळ. त्यामुळे विटा फोडून त्यांच्या तुकड्यांचं काँक्रीट करायची तिथे जुनी पद्धत आहे. आपल्या बेसाल्टच्या काळ्या खडीची सवय असलेल्या माणसाला पहिल्यांदा कोअर, म्हणजे काँक्रीटचा नळकांडी तुकडा, कापून तांबूस काँक्रीट दिसलं की चमकायला होतं. ते वाईटच असतं असं नाही, पण त्याची ताकद कमी धरावी लागते. म्हणून आधी रिबाउंड हॅमर मारून अंदाज घ्यायचा, मग निवडक खांबांतून कोअर काढून प्रयोगशाळेत दाबून बघायचे. समजा कोअरचं उत्तर आलं चौरस मिलिमीटरला १५ न्यूटन.

आता मधल्या एका खांबावर किती वजन येतं ते पाहू. वीस बाय वीस फूट, म्हणजे ३७ चौरस मीटर स्लॅब त्याच्या वाट्याला. स्लॅब, बीम, लादी, भिंती धरून चौरस मीटरला ७०० किलो आणि माणसं, यंत्रं वगैरेचे २०० किलो. मजल्यागणिक ३३ टन, सहा मजल्यांचे २०० टन. साठ्याच्या मजल्यांवर मात्र २०० किलोंनी भागत नाही. ताग्यांची मीटरभर थप्पी चौरस मीटरला ५०० किलोंच्या घरात सहज जाते. म्हणजे खांबावर मजल्यामागे आणखी ११ टन, दोन मजल्यांचे २२. गच्चीवरच्या टाकीचा वाटा ५ टन. एकूण २२७.

खांब १५ इंच बाय १८ इंच. भागाकार केला तर तळाच्या खांबावर चौरस मिलिमीटरला जवळजवळ १३ न्यूटन ताण, आणि काँक्रीट चुरतं १५ला. सळया थोडं वजन घेतात, पण असला खांब पाहून कुणीही अभियंता रात्री नीट झोपणार नाही.

इथे अंदाजपत्रकातली पहिली ओळ लिहायची आणि तिच्यापुढे रक्कम जवळजवळ शून्य टाकायची: साठा तळमजल्यावर हलवा, टाकी रिकामी करा. हमालीशिवाय खर्च नाही आणि २७ टन उतरले. राणा प्लाझानंतर कपड्यांच्या ब्रँडांनी आणि कामगार संघटनांनी मिळून केलेल्या अकॉर्ड या बंधनकारक कराराच्या अभियंत्यांनी कितीतरी कारखान्यांत सगळ्यात आधी हेच करायला लावलं. प्रत्येक मजल्यावर किती वजन ठेवता येईल त्याचे आराखडे करा, जमिनीवर रंगाच्या रेघा मारा, रेघेबाहेर खोका नको. कागदावर हे फुकट असतं. कारखान्यात ते फुकट नसतं, कारण तळमजल्यावर जागा हवी, आणि तागा सहाव्या मजल्यावर चढवायला दर वेळी माणूस हवा.

साठा उतरवल्यावरही तळाला ११ न्यूटन उरतातच. मग जॅकेटिंग, म्हणजे खांबाभोवती नवीन सळया आणि नवीन काँक्रीटचं कवच. घाईत असलेला अंदाजपत्रकी इथे ३६ खांब गुणिले सहा मजले करतो आणि २१६ जॅकेटांचा खर्च लिहून मोकळा होतो. पण कडेच्या खांबाच्या वाट्याला निम्माच स्लॅब येतो, कोपऱ्यातल्याच्या वाट्याला पाव. जड भार फक्त मधल्या १६ खांबांवर. शिवाय वजन वरून खाली साचत जातं. सगळ्यात वरच्या मजल्याचा खांब ३३ टन उचलतो आणि तळाचा २००. चौथ्या मजल्याच्या पातळीवर ताण साडेपाच न्यूटनांवर आलेला असतो, तिथे हात लावायची गरज नाही. म्हणजे जॅकेट हवं १६ खांबांना, खालच्या तीन मजल्यांवर. ४८. दोनशे सोळाचे अठ्ठेचाळीस झाले, आणि हे एका तपशीलवार अभ्यासानं झालं. त्या अभ्यासाची फी देताना मालक तोंड वाकडं करतो म्हणून मी हे आकडे त्याच्यासमोरच मांडतो. ९२ कोटी आणि ३ अब्ज यांतल्या फरकाचं एक मोठं कारण असंच काहीसं असणार. पहिला हिशेब झाला तेव्हा बहुतेक कारखाने कुणी तपासलेलेच नव्हते. दुसरा झाला तेव्हा साडेतीन हजारांहून जास्त कारखान्यांत अभियंते फिरून आले होते, आणि त्या हिशेबात धरलेलं काम होतं तपासणीत सापडलेले दोष दुरुस्त करण्याचं. कारखान्यांची संख्या वेगळी, मानक वेगळं, माहिती वेगळी.

एका जॅकेटला लागतं किती? चारी बाजूंनी १०० मिलिमीटर वाढवलं तर खांबाचं क्षेत्रफळ दुपटीहून जास्त होतं. मजल्याच्या उंचीला काँक्रीट पाऊण घनमीटरच्याही आत, लोखंड १३५-१४० किलो. अठ्ठेचाळीस खांबांचं मिळून ३३ घनमीटर, म्हणजे काँक्रीटच्या पाच-सहा गाड्या. ऐकायला किरकोळ वाटतं. पण मटेरियलचा खर्च या कामात निम्म्याच्याही आत राहतो. जुना गिलावा फोडायचा, काँक्रीट टाचून खडबडीत करायचं, भोकं पाडून इपॉक्सीत डोवेल बसवायचे. सळया वरच्या मजल्यात न्यायच्या तर स्लॅब फोडायचा, फोडण्याआधी टेकू लावायचे, टेकू लावायला शिलाई यंत्रांची अख्खी रांग हलवायची. एका वेळी तीन-चारच खांब हाती घ्यायचे. धूळ कापडावर बसू नये म्हणून ताडपत्रीचे पडदे, आणि काम बरेचदा रात्रीचं. सगळ्यात खाली पायाही उघडायचा, कारण कवचानं उचललेलं वजन शेवटी जमिनीतच जायचं आहे आणि जुना पाया त्याला पुरेल अशी खात्री नाही.

यात अंदाज चुकतो तो बहुधा गिलाव्याच्या आत. ठाणे जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत मी दुमजली कारखान्याचं अंदाजपत्रक केलं होतं. इमारत १९९०च्या सुमाराची, नकाशे व्यवस्थित, खांबांच्या रिंगा सहा इंचांवर दाखवलेल्या. मी नकाशावर विसंबून आकडा दिला. काम सुरू झालं, मिस्त्रीनं पहिला खांब सोलला आणि मला हाक मारली. तो खांबाला मोजपट्टी लावूनच उभा होता. दोन रिंगांमधलं अंतर भरलं अकरा इंच. “साहेब, यांनी एक सोडून एक घातलीय,” तो म्हणाला. पुढचा खांब फोडला, तिथे नऊ. तिसऱ्यात तळाशी रिंगा होत्या, पण ओल लागून गंजून सळईपासून सुटलेल्या. नखानं ओढली तर पापुद्रा हातात आला. त्या दिवशी अंदाजपत्रक तिसऱ्या हिश्श्यानं वाढलं, आणि मालकाला वाटलं मी त्याला आधी कमी आकडा सांगून गळाला लावलं. नवीन बांधकामात आकस्मिक खर्चाला तीन-पाच टक्के ठेवतात. जुन्या इमारतीत मी तेव्हापासून वीस ठेवतो, आणि आकडा देण्याआधी स्वखर्चानं का होईना, दोन खांब सोलून बघतो.

आता आग. खांबांचं काम वजनानं मोजतात, आगीचं माणसांच्या संख्येनं. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत जिन्याची रुंदी माणशी १० मिलिमीटर धरतात. मजल्यावर २०० माणसं, म्हणजे एकूण दोन मीटर रुंद जिना हवा. इथे लोक विचारतात, बाराशे माणसं एकदम उतरतील त्याचं काय? हिशेब असा आहे की माणसं जिन्यात मजल्यामजल्यानं शिरतात. एका मजल्याची रांग खाली सरकते तेव्हा वरची माणसं अजून वाटेत असतात, म्हणून रुंदी एका मजल्याच्या माणसांवर ठरते. किमान रुंदीचे नियम त्याशिवाय वेगळे. आणि एक जिना धुरानं भरला तर उरलेल्यावर काय होईल, हेही पाहावंच लागतं.

रुंदी बहुतेक ठिकाणी निघते. अडतं ते जिना कुठे उतरतो यावर. ताजरीनमध्ये तीन जिने होते. तिन्ही इमारतीच्या आतले, तिन्ही तळमजल्यावर उतरणारे. तळमजल्यावर कापड आणि सूत साठवलेलं, आणि आग तिथेच लागली. जिने रुंद असते तरी माणसं आगीतच उतरली असती. असा दोष दरवाजे मोजून अंदाजपत्रकात येत नाही. त्याला एकतर साठा आणि जिना यांच्यामध्ये आगरोधक भिंत घालावी लागते किंवा इमारतीबाहेरून नवीन जिना उभारावा लागतो. बाहेरच्या जिन्याला जागा हवी, आणि दाटीवाटीच्या वस्तीत शेजारच्या इमारतीची भिंत हातभर अंतरावर असते. कितीही पैसा असला तरी ते हातभर अंतर वाढत नाही.

आपल्या मनातल्या कारखान्यात तीन जिने धरू. प्रत्येक मजल्यावर तीन, एकूण अठरा आगरोधक दरवाजे, आपोआप मिटणारे, आतून ढकलताच उघडणारे. दरवाजा महाग असतो, पण त्याचा भाव तरी छापील मिळतो. दरवाज्याभोवतीचं काम मात्र कोटेशनमध्ये नसतं. जिन्याला लागून असलेल्या खिडक्या बुजवायच्या, भिंतीतून गेलेल्या केबलींची भोकं आगरोधक मसाल्यानं भरायची, वाकडी चौकट सरळ करायची. मी दरवाज्याच्या किमतीवर निम्मी आणखी धरतो आणि बहुतेक वेळा तेही कमी पडतं.

उलट, सगळ्यात जास्त जीव वाचवणारी एक बाब अशी आहे की तिच्यासाठी खिशातून काही जात नाही. लोखंडी सरकते जाळीचे दरवाजे, ज्यांना आपण चॅनेल गेट म्हणतो, काढून टाकायचे. भंगाराचे चार पैसेच येतात. माल चोरीला जाऊ नये म्हणून हे दरवाजे कामाच्या वेळी कुलूपबंद ठेवायची पद्धत होती. मालकाला ते काढणं हा खर्चच वाटतो, कारण कुलूप काढलं की खाली फाटकावर राखणदार वाढवावे लागतात.

स्प्रिंकलर लागतात की नाही हे बऱ्याच अंशी इमारतीच्या उंचीवर ठरतं, आणि नियमाची रेघ ओलांडली की खर्च उडी मारतो. बेकायदा चढवलेला सहावा मजला पाडला तर कदाचित स्प्रिंकलरचा सगळा खर्च वाचतो, असंही उत्तर निघू शकतं. मालकाला ते ऐकायचं नसतं, पण दोन्ही पर्यायांचे आकडे मांडावे लागतात. समजा लागले. एका स्प्रिंकलरखाली १२ चौरस मीटर, मजल्याला ७८, सहा मजल्यांना ४६८. तो छतातला छोटा नग स्वस्तच. पैसा जातो पाण्यात. युरोपीय मानकात कापडाच्या कारखान्यासाठी मिनिटाला ५ मिलिमीटर पाणी, २१६ चौरस मीटरवर, तासभर, असा हिशेब धरतात. म्हणजे मिनिटाला १,०८० लिटर आणि तासाचे ६५ हजार लिटर. दहा हजारी टँकर साडेसहा. हे पाणी कायम भरलेलं आणि कामगारांच्या प्यायच्या पाण्यापासून वेगळं ठेवायचं. ते ढकलायला एक विजेचा पंप आणि वीज गेली तर चालणारा एक डिझेलचा. टाकी जमिनीखाली घ्यायची तर अंगण खणायचं, आणि ज्याला अंगणच नाही त्यानं काय खणायचं?

विजेचं काम त्या मानानं सरळ. लोंबत्या केबली ट्रेमध्ये बांधायच्या, योग्य ताकदीचे ब्रेकर बसवायचे, वितरण पेटीवर साचलेला तंतूंचा थर पुसत राहायचा. खर्च कमी, काम काही दिवसांचं. मी मालकाला नेहमी इथूनच सुरू करायला सांगतो. आपल्याकडे महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानं दर जानेवारी आणि जुलैत आगीची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यामुळे उभारणीबरोबर दर सहा महिन्यांच्या देखभालीचा खर्चही मांडायचा असतो. बऱ्याच अंदाजपत्रकांत तो नसतो, आणि म्हणून बऱ्याच पंपांना गंज चढतो.

इथवरचा खर्च सिमेंट-लोखंडाचा. यापुढचा भाग अभियंत्यांच्या अंदाजपत्रकात सहसा येतच नाही, आणि माझ्या मते हाच मोठा.

दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवला तर पगार कोण देणार? अकॉर्डच्या करारात याबद्दल कलमच होतं. दुरुस्तीसाठी काम थांबलं तरी सहा महिन्यांपर्यंत कामगारांची नोकरी आणि पगार चालू राहायला हवा. आपल्या कारखान्यात १,२०० माणसं. २०१३च्या डिसेंबरपासून बांगलादेशातल्या कपडा कामगारांचं किमान वेतन महिन्याला ५,३०० टका झालं. सगळ्यांना किमानच देतात असं धरलं आणि कारखाना तीन महिने बंद ठेवला, तर १ कोटी ९१ लाख टका. तेव्हाच्या ७८ टक्यांच्या भावानं २ लाख ४५ हजार डॉलर.

आणि ९२ कोटी ९० लाख डॉलरना साडेतीन हजारांवरच्या कारखान्यांनी भागलं तर दर कारखान्याला येतात साधारण अडीच लाख डॉलर. म्हणजे तीन महिन्यांचा पगार आणि अख्खी दुरुस्ती यांचं वजन एकच. म्हणून जॅकेटिंग रात्री करायचं, चार-चार खांबांनी करायचं, मजल्याचा निम्मा भाग चालू ठेवायचा. काम महाग पडतं, पण बंद ठेवण्यापेक्षा स्वस्त.

मग व्याज. कारखानदाराकडे अडीच लाख डॉलर रोख पडून नसतात. ढाक्यातल्या बँकेकडून समजा १३ टक्क्यांनी घेतले आणि पाच वर्षांत मासिक हप्त्यांनी फेडले, तर मुद्दलावर आणखी ३६ टक्के जातात. अडीच लाखांचे ३ लाख ४० हजार.

आता भागाकार, पण या वेळी वरून नव्हे, खालून. ७ अब्ज कपडे आणि सुमारे ४० लाख कामगार, म्हणजे माणशी वर्षाला १,७५० नग. आपल्या १,२०० माणसांच्या कारखान्यात वर्षाला २१ लाख. नुसती दुरुस्ती आणि तिचं व्याज पाच वर्षांवर पसरलं तर नगामागे सव्वातीन सेंट. बंद काळाचा पगारही कर्ज काढून दिला तर साडेसहा सेंटच्या जवळ. कारखाना वेगळा, पद्धत वेगळी, आणि तरी आपण साडेआठ सेंटच्या शेजारीच येऊन पोचलो. पाठकोऱ्या कागदावरचा तो हिशेब काही वेडावाकडा नव्हता.

पण हीच रक्कम नगाऐवजी मालकानं भागा. पाच लाख डॉलर, म्हणजे पावणेचार कोटी टक्यांच्या वर, आणि तेही पहिल्या वर्ष-दोन वर्षांत. दुकानात शर्ट घेणाऱ्याला साडेसहा सेंट जाणवणारही नाहीत. मालकाला पावणेचार कोटी जाणवतात, कारण शर्ट घेणाऱ्याकडून ते साडेसहा सेंट त्याच्यापर्यंत पोचायला रस्ताच नाही. अकॉर्डमध्ये सहभागी कंपन्यांची वर्गणी त्यांच्या खरेदीच्या प्रमाणात ठरली, वर्षाला जास्तीत जास्त ५ लाख डॉलर. ते पैसे तपासणी, प्रशिक्षण आणि कारभारासाठी होते. कारखान्याच्या दुरुस्तीसाठी कंपन्यांनी कारखान्याशी अशा अटी ठरवायच्या होत्या की त्याला दुरुस्ती परवडेल. कशा, ते त्यांनी आपसांत पाहायचं. २०१८ मध्ये पेन स्टेट विद्यापीठातले मार्क ॲनर यांनी भाव तपासले, तेव्हा बांगलादेशातून अमेरिकेत जाणाऱ्या सुती पँटीचा भाव २०१३पासून १३ टक्क्यांनी उतरलेला होता. दुरुस्त्या मात्र झाल्या. अकॉर्डच्या यादीतल्या सुमारे १,६०० कारखान्यांतले बहुतेक दोष काही वर्षांत निघाले. पैसा कुठून तरी आला, आणि बराचसा कारखानदारांच्या खिशातून आला.

तिरुपूरच्या एका ओळखीच्या कारखानदाराला मी हा हिशेब एकदा दाखवला. त्यानं टेबलाच्या खणातून त्या आठवड्याचा कॉस्टिंगचा कागद काढून पुढे केला. एका टी-शर्टाचा. कापड इतकं ग्रॅम, दोरा, लेबल, प्लास्टिकची पिशवी, खोका, बंदरापर्यंतचं भाडं, असं ओळीओळीनं लिहिलेलं आणि सर्वात खाली एकच ओळ: शिलाई. “भाडं, वीज, पगार, तुमचे खांब, तुमचे दरवाजे, सगळं या ओळीत बसतं,” तो म्हणाला. सुताचा आणि खोक्याचा भाव बाजारात ठरलेला असतो, त्यात खरेदीदाराला काही करता येत नाही. घासाघीस होते ती एवढ्या एका ओळीवर.